चार हजारची खुंटी

ती रुग्णालयात लोकांचे कान तपासायची आणि तो दुकानात डोळे. लग्न ठरलं तेव्हा तिची धाकटी बहीण म्हणाली होती, "ताई, नाक आणि घसा तेवढा सासूबाईंकडे सोपव, म्हणजे घरातल्या घरात दवाखाना पूर्ण." या विनोदाला बावीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या, विनोद मात्र टिकला.

नवरा चष्मेवाला. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" हे वाक्य त्याच्या जिभेवर इतकं बसलं होतं की भाजीत मीठ पुरे का, हेही तो तसंच विचारी. त्याला नाद एकच, गाणंबजावणं ऐकण्याचा. त्यासाठी बाहेरच्या खोलीत कंबरेइतके उंच दोन स्पीकर, त्यांच्यामध्ये बुटकं कपाट, कपाटावर अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या खाली इक्वलायझर. अ‍ॅम्प्लिफायरला बेस आणि ट्रेबल अशी दोनच बटणं होती. खर्जाचा आवाज वाढवायला एक, वरचा टोकदार आवाज वाढवायला दुसरं. चष्मेवाल्याचं तेवढ्याने भागत नसे. "बेस-ट्रेबल म्हणजे तयार चष्मा," तो म्हणे. "जवळचा आणि लांबचा. आणि इक्वलायझर म्हणजे मापाचा."

इक्वलायझरला दहा उभ्या खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत वरखाली सरकणारी एक बारकी खुंटी. डावीकडची पहिली खुंटी ढगांच्या गडगडाटाची, उजवीकडची शेवटची डासाच्या गुणगुणण्याची, आणि मधल्या सगळ्या माणसांच्या आवाजाच्या.

समोरच्या भिंतीपाशी, दोन्ही स्पीकरपासून टेपने मोजून सारख्या अंतरावर, एक लाकडी हातांची खुर्ची होती. ती तिची. रविवारी सकाळी ती त्या खुर्चीत डोळे मिटून बसायची, तो कपाटापुढे गुडघे टेकायचा आणि एकेक खुंटी केसाएवढी सरकवायचा.

"पहिलं?"

"थांबा. परत करा."

"हे पहिलं. आणि हे... दुसरं."

"पहिलं. दुसऱ्यात तिच्या गळ्यात कापूस भरल्यासारखा वाटतो."

तिने पहिलं म्हटलं की पहिलं. त्यावर अपील नसे. पसंत पडलेल्या जागी ती स्वतः नखांना लावायच्या लाल रंगाचा बारीक ठिपका देई. पाहुणे आले की चष्मेवाला सांगे, "माझे कान आळशी हो. या घरातले कान हिचे." ती तेव्हा चहाच्या कपात बघत बसे, जणू ऐकलंच नाही. पण ते एक वाक्य तिला पुढे आठवडाभर पुरे. त्याने तिला दागिने फारसे केले नव्हते आणि तिला त्याची उणीवही कधी वाटली नव्हती.

मग वरच्या मजल्यावर राहायला ती बाई आली.

शाळांचे, सभागृहांचे पियानो सुरात लावायचा तिचा धंदा. वय पंचेचाळीसच्या आसपास, एकटी. खांद्यावर कातडी पिशवी, पिशवीत तारा पिळायची किल्ली आणि शेजारच्या तारा मुक्या ठेवायच्या लोकरीच्या जाड पट्ट्या. जिना चढताना गुणगुणायची आणि हसली की खालच्या मजल्याला कळायचं. आल्यानंतर चारच दिवसांत तिने दार वाजवलं. आवाज कमी करा म्हणायला आली असेल असं वाटून चष्मेवाला माफी मागायच्या तयारीनेच पुढे झाला.

"नाही हो भाऊ, वाजू दे की," ती म्हणाली. "एवढंच सांगायला आले, की तुमच्या त्या तबकडीत पियानो जरासा उतरलेला आहे. वाजवणाऱ्याचा दोष नाही. लावणाऱ्याचा."

चष्मेवाल्याचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्याला न विचारता सोनं दाखवलं. बायकोच्या मनात मात्र आलं, आमची तबकडी, आमचा पियानो. असेना का उतरलेला!

पुढे सहा महिने जिन्यात नमस्कार-चमत्कार एवढंच चाललं. मग एका रविवारी बायको बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतली आणि दारातच थबकली. खुर्चीत पियानोवाली बसली होती, डोळे मिटून. चष्मेवाला कपाटापुढे गुडघे टेकून होता.

"पहिलं," तो विचारत होता, "की दुसरं?"

नवऱ्याने परक्या बाईचा हात धरलेला दिसला असता तर जे वाटलं असतं तेच वाटलं. फरक इतकाच की हात धरलेला असता तर भांडता तरी आलं असतं.

"अगं, आलीस? बाईंना म्हटलं जरा ऐकून बघा," तो उठत म्हणाला. त्याच्या उठण्यात नको तेवढी घाई होती.

"बघा ना," ती म्हणाली. "बसा, बसा. मी काय, पिशव्या घेऊन उभी राहते."

पियानोवाली झटकन उठली. "वहिनी, खुर्ची फार छान आहे तुमची."

"जुनी आहे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं होतं की तोंडातून अक्षर काढायचं नाही. पण नेहमीची व्हायोलिनची तबकडी लागली आणि कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं इतकं स्वच्छ ऐकू आलं. तारेवर गज घासल्याची बारीक खरखर, वाजवणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा. बेसावध क्षणी ती बोलून गेली, "आज छान वाजतंय."

चष्मेवाल्याने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वरच्या बाईंनी सांगितलं तसं ठेवलंय."

तिच्या अंगाची आग आग झाली. म्हणजे बावीस वर्षं आपण लावत होतो ते काय होतं?

दुसऱ्या दिवशी फडकं मारताना तिने खुंट्या पाहिल्या. डावीकडच्या सहा आपापल्या लाल ठिपक्यांवर होत्या. सातवी किंचित वर, आठवी, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांची, बरीच वर, नववी तर माथ्याला टेकलेली. सरळ चाललेली वाट उजवीकडे एकदम टेकडी चढावी तसं दिसत होतं. पियानोवालीचं नाकही असंच जरा वर होतं. तिने फडक्याआडून एकेक खुंटी खाली आपल्या ठिपक्यावर आणली.

संध्याकाळी आवाज गोधडीखालून आल्यासारखा आला.

"तुमच्या त्या बाईंनी काहीतरी बिघडवलंय," ती म्हणाली. "वायर हलवली असेल."

सकाळी खुंट्या पुन्हा टेकडीवर होत्या. तिने पुन्हा खाली आणल्या. मग हे रोजचंच झालं. तो चढवी, ती उतरवी, आणि जेवताना दोघं दुधीच्या भावावर बोलत.

"ताई, भाऊजी तुझ्याच घरात आहेत ना?" धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं. "मग खुंट्यांवरून काय रडतेस?"

"रडत नाहीये. तुला सांगते, ती त्यांना भाऊ म्हणते."

"भाऊ म्हणते? मग तर डोळ्यांत तेल घालून बस."

"चेष्टा नको करू. एकदा हात धरला असता तर चाललं असतं गं. पण खुर्चीत बसली ती."

पलीकडे बहीण हसून हसून खोकायला लागली. "ताई, जगात तू एकटीच बाई असशील, नवऱ्याने दुसरीला खुर्ची दिली म्हणून जळणारी. लोक सिंहासनासाठी भांडतात, ते काही खोटं नाही."

तिकडे रुग्णालयातही तिच्या डोक्याला ताप होता. तपासणीचं मशीन दगा देत होतं. तिची रोजची शिस्त अशी की पहिला रुग्ण येण्याआधी आवाजबंद खोलीत बसून स्वतः हेडफोन लावायचे, खालपासून वरपर्यंत सगळे स्वर ऐकायचे आणि मशीन ठाकठीक आहे याची खातरजमा करायची. वीस वर्षांत तिने एक दिवस चुकवला नव्हता. पण वर्षभर हेडफोन चार हजारच्या स्वरावर कमी पडत होते आणि आठ हजारवर तर मुकेच. तिने तक्त्यात तसं नोंदवलं, वरिष्ठांना कळवलं, मशीनवाल्याला दोनदा बोलावलं. त्याने आपलं मीटर लावून दोनदा सांगितलं, "मॅडम, मशीन चोख आहे."

"तुमचं मीटर तपासून घ्या," तिने त्याला सुनावलं होतं. मग हेडफोनची दुसरी जोडी काढली. तीही तशीच निघाली. एकाच खेपेचा माल, तिने निदान केलं. येणारे रुग्ण बहुतेक साठीच्या पुढचे, तपासणीच्या कागदावर त्यांची ऐकण्याची रेघ उजवीकडे, वरच्या स्वरांना, घसरायचीच. त्यामुळे मशीनचा दोष किती आणि वयाचा किती, हे त्या कागदांवरून ठरत नव्हतं.

खुंट्यांची लढाई तिसऱ्या आठवड्यात गेली तेव्हा तिला एक कल्पना सुचली आणि ती इतकी सोज्वळ दिसत होती की तिची तिलाच लाज वाटली नाही. पियानो लावणारी माणसं दिवसभर त्याच्या पट्ट्या ठोकतात. एकच स्वर, जोरात, कानाशी, शंभर वेळा. अशांचे वरच्या पट्टीचे कान हमखास गेलेले असतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि दोघातिघांत पाहिलंही होतं. म्हणजे या बाईला टोकाचे आवाज ऐकूच येत नसणार. म्हणून तर तिने त्या खुंट्या माथ्यापर्यंत चढवायला लावल्या! बहिरीच्या सल्ल्याने आमचं घर वाजतंय. हे एकदा कागदावर आलं की बोलायलाच नको. कागद फक्त चष्मेवाल्यापुढे ठेवायचा आणि आपण चहा करायला आत जायचं.

जिन्यात गाठून ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या कामात कानांवर फार ताण हो. एकदा या ना आमच्याकडे, तपासून टाकू. घरचंच आहे."

"खरंच, वहिनी?" पियानोवालीला मनापासून आनंद झाला. "किती दिवस मनात होतं, पण भीती वाटते."

"भीती कसली? जे असेल ते कळलेलं बरं," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी पियानोवाली आवाजबंद खोलीत जाऊन बसली. हातात बटण, कानांवर हेडफोन. काचेच्या या बाजूला ती मशीनपाशी. स्वर ऐकू आला की बटण दाबायचं आणि मशीनवर दिवा लागायचा, एवढाच खेळ. खालचे स्वर झाले, मधले झाले. मग तिने चार हजार लावला. हेडफोन इथे कमी पडतात हे ठाऊक असल्यामुळे सुरुवात चाळीस डेसिबलवरून केली; आकडा जितका लहान, तितका स्वर हलका. दिवा लागला. तीस. दिवा लागला. वीस, दहा, पाच, शून्य. दिवा लागतच राहिला.

ही अंदाजाने दाबतेय, तिला वाटलं. म्हणून तिने मुद्दाम स्वर सोडलाच नाही. दहा सेकंद, वीस सेकंद. पियानोवाली काचेपलीकडे शांत, अंगठा बटणावर, न दाबता. मग तिने अगदी हलका, शून्याचाच स्वर सोडला. दिवा लागला. आठ हजारवरही तेच झालं. कागदावर उमटली ती आखणीपट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ.

जे हेडफोन मुके होते त्यांतून या बाईला सगळं ऐकू येत होतं.

तिने दार उघडलं. "जरा उठता का? मला एक बघायचंय." चार हजार लावून ती स्वतः आत बसली आणि दार ओढण्याआधी पियानोवालीला म्हणाली, "तो हिरवा खटका दाबा. मग आकडा पाच-पाचने वाढवत न्या, मी हात वर करेपर्यंत."

"कुठून सुरू करू?"

"शून्यापासून."

काचेपलीकडे पियानोवालीचा अंगठा खटका दाबताना दिसत होता. पुन्हा दाबला. पुन्हा. पुन्हा. आवाजबंद खोलीत स्वतःच्या रक्ताचा आवाज तेवढा येतो, तो येत होता. पियानोवालीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं आणि त्या चेहऱ्यावरून तिला कळलं की स्वर वाजतोय आणि केव्हाचा वाजतोय. शेवटी कुठेतरी दूर, विहिरीच्या तळाशी घंटी किणकिणावी तसं काहीतरी आलं. तिने हात वर केला. आकडा पंचेचाळीसवर होता. बाकीचे स्वरही असेच घेतले आणि तिचा कागद तयार झाला.

ती बाहेर आली. रुग्णांना सांगायचं तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: वयाप्रमाणे आहे, घाबरायचं कारण नाही. वीस वर्षांत ते तिने हजारोंना सांगितलं असेल. आता स्वतःला मनात सांगून पाहिलं, तर त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

"वहिनी," पियानोवाली हळूच म्हणाली, "भाऊंनी अजून सांगितलं नाही तुम्हाला?"

हा घाव खुर्चीपेक्षा खोल गेला. म्हणजे आपल्या कानांची गोष्ट वरच्या बिऱ्हाडालाही ठाऊक आणि आपल्याच कानावर शेवटी.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्ही बाजारातून आलात ना, त्या दिवसापासून. ते म्हणाले, हिला ऐकू येईल इतकं वाढवायचंय, पण खुपेल इतकं नाही. तुम्ही सांगा कुठे खुपतं ते." पियानोवालीने पिशवीचा पट्टा मुठीत आवळला. "मला खरं तर ते आवडत नाही असं लावलेलं. कानात सुई गेल्यासारखं होतं. खुपलं की मी नुसता हात वर करायची."

ती त्या दिवशी लवकर घरी आली. सकाळी तिनेच खुंट्या ठिपक्यांवर आणून ठेवल्या होत्या. स्वतःच्या तपासणीचा कागद तिने इक्वलायझरपाशी धरला. रेघ डावीकडून सरळ येत होती आणि उजवीकडे घसरत होती, अशा घसरगुंड्या ती दिवसाला दहा बघायची. मग तिने कागद उलटा केला, खालची बाजू वर. घसरगुंडीची टेकडी झाली. सातवी किंचित वर, आठवी बरीच, नववी माथ्याला. तीन आठवडे ही टेकडी ती रोज सकाळी फडक्याने पुसत होती.

चष्मेवाला सहाला आला. कागद, खुंट्या आणि बायको अशा क्रमाने त्याने पाहिलं आणि चपला न काढताच उभा राहिला.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"गाण्यात 'स' टोकदार आला की तुझी डावी भुवई उडायची. बावीस वर्षं मी भुवई बघूनच लावत होतो. गेल्या वर्षी ती उडायची थांबली. मग त्या रविवारी मी एकेक खुंटी चढवली, आणि संध्याकाळी ती पुन्हा उडाली."

"आणि मला सांगायचं नाही?"

"अगं, माझ्या दुकानात रोज कुणीतरी चिडतं. म्हणतं, डोळे ठीक आहेत, तुमचा तक्ताच पुसट आहे. मी हसतो आणि भिंग बदलतो. पण तू..." त्याने हात पसरले. "तू ज्या खोलीत बसून लोकांना हे सांगतेस, त्या खोलीतली गोष्ट मी चष्मेवाल्याने तुला सांगायची? दहादा तोंडाशी आलं. तू म्हणालीस मशीन बिघडलंय, आणि मला वाटलं, असू दे बिघडलेलं."

"मशीनवाल्याला मी मीटर तपासायला सांगितलं."

त्याला हसू आलं, ते त्याने गिळलं. तिने ते पाहिलं. पाहूनही राग आला नाही, हेच तिला नवल वाटलं.

"पण तिला कशाला सांगितलंत?"

"माझेही कान पन्नाशीचेच ना. मला ऐकू येतंय तेवढंच खरं, असं कसं समजू? तरणे कान हवे होते कुणाचेतरी."

"तरणे!" ती म्हणाली. "पंचेचाळीसची आहे."

"तुला काय वाटलं होतं?"

जे वाटलं होतं ते आता वाटायला हवं नव्हतं, पण वाटत होतं. उलट आधीपेक्षा जास्तच. आधी तिला वाटत होतं की त्या बाईने तिची जागा चोरली. आता कळलं होतं की ती जागा रिकामीच होती, आणि जे त्या बाईकडे होतं ते भांडून परत मिळणारं नव्हतं. ती सरळ रेघ. शून्याला लागणारा दिवा. आणि त्या बाईला त्याचं काही कौतुकसुद्धा नव्हतं.

ती आत गेली, कापूस आणि नखांचा रंग काढायची बाटली घेऊन आली. कपाटापुढे आपणच गुडघे टेकले. सातव्या, आठव्या आणि नवव्या खाचेजवळचे जुने लाल ठिपके घासून पुसले. मग म्हणाली, "तबकडी लावा."

व्हायोलिन सुरू झालं, गोधडीखालचं. तिने चार हजारची खुंटी हळूहळू वर नेली. एका जागी गजाची खरखर उमटली आणि तिथेच तिने नवा ठिपका दिला. तिची भुवई उडाली का, ते तिला दिसत नव्हतं. चष्मेवाल्याला दिसत होतं.

"सोमवारी मी आमच्या डॉक्टरांना कागद दाखवणार आहे," ती म्हणाली. "आणि मशीनवाल्याला फोन करणार आहे. बिचारा."

"आणि वरच्या बाईंना?"

"रविवारी बोलवा. मला काय ऐकू येत नाही ते कुणीतरी सांगायला हवंच." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पण त्यांना स्टूल द्या. खुर्चीत मी बसणार."